एका घरातली चार डोकी

नाशिकरोडहून एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ३२. भाद्रपदात त्यांना डेंग्यू झाला, आठवडाभर ताप होता आणि मार्गशीर्ष लागल्यापासून केस मुठीमुठीने गळत आहेत. त्यांचा भाऊ २५ वर्षांचा असून त्याच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले आहेत, आणि एका केसांच्या केंद्राने त्याला पीआरपीच्या, म्हणजे स्वतःच्याच रक्ताचा भाग टाळूत टोचण्याच्या, आठ बैठकांचे पॅकेज घ्यायला सांगितले आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढी चकती पडली असून सासूबाई तिथे रोज कांद्याचा रस चोळतात. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, त्यांनी लिहिले आहे की आईच्याही भांगाजवळचे केस विरळ झाले आहेत आणि तिथे अधूनमधून खाज येते, पण तिचे वय ६१ असल्याने ते वयोमानानेच असावे. या सगळ्यांना चालेल असे एखादे तेल किंवा गोळी सांगावी, अशी त्यांची विनंती आहे.

असे तेल नाही आणि अशी गोळीही नाही. नाशिकमध्ये गेली २४ वर्षे त्वचारोगाची प्रॅक्टिस करताना मी हे वाक्य किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. ताप हा जसा स्वतः आजार नसून मलेरियापासून मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गापर्यंत अनेक आजारांचे लक्षण असतो, तसेच केस गळण्याचे आहे. तुमच्या घरातल्या चार डोक्यांवर चार वेगवेगळ्या गोष्टी घडत असाव्यात असे पत्रावरून दिसते, आणि त्यांतल्या एकीला औषधाची फारशी गरज नाही, एकीला अनेक वर्षे औषध लागेल, एक आपणहून बरी होण्याची शक्यता मोठी आहे आणि एकीला उशीर परवडणारा नाही. चौघांच्या डोक्यावर एकच बाटली रिकामी केली, तर पहिलीला गुण आल्यासारखे वाटेल, कारण तो येणारच होता, आणि चौथीचे नुकसान होईल.

तुमच्यापासून सुरुवात करतो. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचे स्वतंत्र वेळापत्रक असते. दोन ते सहा वर्षे तो वाढतो, दोन-तीन आठवडे त्याचे मूळ आक्रसते, मग सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी टेकून राहतो आणि शेवटी खालून येणारा नवा केस त्याला बाहेर ढकलतो. कोणत्याही वेळी शंभरातले ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून रोज ५० ते १०० केस गळूनही डोके भरलेले दिसते. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने उतरवलेले वजन किंवा घरातला मोठा आघात यांपैकी काही घडले, की शरीर वाढीचे काम तात्पुरते आवरते घेते आणि एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीला जातात. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. मधल्या काळात ताप विसरला गेलेला असतो, आणि दोष नव्या शाम्पूवर, बदललेल्या पाण्यावर किंवा दिवाळीच्या उटण्यावर येतो.

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराला ही उशिराची गोष्ट मी समजावत होतो, तेव्हा त्यांनीच मला मध्येच थांबवले. एप्रिलच्या छाटणीनंतर वेलीला पाण्याचा ताण बसला किंवा ढगाळ हवामान राहिले, तर काडीत घड नीट धरत नाही, आणि ते कळते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, काडीवरचे डोळे फुटूनही घड दिसत नाहीत तेव्हा. मग ऑक्टोबरात मारलेल्या फवारणीला दोष देऊन काय उपयोग, असे ते म्हणाले. त्यानंतर हे उदाहरण मी माझे म्हणून वापरत आलो आहे, आणि जिल्ह्यातल्या बहुतेक रुग्णांना ते लगेच पटते. तुमची एप्रिल छाटणी भाद्रपदात झाली. पावसाळा सरताना शहरात डेंग्यू-चिकुनगुन्याची लाट येते आणि मार्गशीर्ष-पौषात माझ्याकडे केसांची लाट येते. यात अपवाद असलेले वर्ष मला आठवत नाही.

तपासताना मी काय पाहतो तेही सांगतो, म्हणजे घरी तुम्हालाही पाहता येईल. मी रुग्णाला आदल्या दिवशीचे गुंतवळ कागदात गुंडाळून आणायला सांगतो आणि ते पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली धरतो. केसाच्या एका टोकाला मोहरीपेक्षाही बारीक, कोरडा पांढरा गोळा दिसला, तर तो केस आपली मुदत संपवून मुळापासून आला आहे. टोकाला गोळा नसून ते फाटलेल्या दोऱ्यासारखे दिसत असेल, तर केस गळलेला नसून मध्येच तुटलेला आहे, आणि त्याची कारणे स्ट्रेटनिंग, ब्लीच, ओले केस फणीने ओढणे किंवा क्षारांनी केस राठ होणे अशी बाहेरची असतात. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याला नाशिकच्या नव्या वसाहतींत जे शिव्याशाप मिळतात, ते या दुसऱ्या बाबतीत काही अंशी रास्त आहेत; जड पाण्याने केस कोरडे होऊन तुटू शकतात, परंतु त्या पाण्याने केसांची मुळे मरत नाहीत. यानंतर डोक्याच्या तीन-चार ठिकाणी पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हळूच ओढायची. हाताशी सहाहून अधिक केस आले, तर गळती चालू आहे असे समजायचे.

तुमच्या प्रकारात केस सगळ्या डोक्यावरून गळतात, टाळू निरोगी दिसते आणि कपाळाच्या कडेला नव्या केसांची बोटभर उंचीची, उभी राहणारी लव दिसू लागते. ती लव आरशात दिसली की निम्मी काळजी मिटते. गळती सहसा सहा महिन्यांच्या आत थांबते, परंतु केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटरच वाढत असल्यामुळे वेणीची जाडी पूर्ववत दिसायला वर्ष-दीड वर्ष लागते, आणि याच मधल्या काळात माणसे तेलांवर सर्वाधिक पैसे घालवतात. न्हाण्याच्या दिवशी जास्त केस दिसतात म्हणून आठवडा-आठवडा न न्हाणाऱ्या स्त्रिया मी पाहतो; त्यात लाभ काही नाही, कारण जे केस सुटलेले आहेत ते मोरीत गेले नाहीत तर उशीवर जातील.

तापाशिवाय दुसरे काही खतपाणी घालत नाही ना, एवढे मात्र पाहिले पाहिजे. त्यासाठी मी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची टीएसएच ही तपासणी करून घेतो, आणि शाकाहारी व्यक्तीत बी-१२ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते, त्यामुळे लोहाची कमतरता सापडणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. फेरिटिन शरीरातल्या लोहाचा साठा दाखवते, परंतु ताप किंवा दाह असताना ते खोटे वाढलेले दिसते, म्हणून ही तपासणी तापानंतर काही आठवड्यांनी करावी. ते ३०च्या खाली असेल, तर हिमोग्लोबिन ठीक असले तरी मी लोहाच्या गोळ्या तीन महिने तरी देतो, आणि बरोबर चहा घेऊ नये, लिंबू पिळलेले पाणी चालेल, असे बजावतो; सकाळची गोळी आणि सकाळचा चहा यांची सांगड आपल्या घरांत इतकी पक्की आहे की निम्मे लोह वाया जाते. डाळी, उसळी, अंडी, शेंगदाणे, दूध यांतून प्रथिने पुरेशी जात आहेत का, हेही विचारतो, कारण दवाखान्यात येणाऱ्या तरुण मुलींपैकी बऱ्याच जणींनी लग्नाआधी वजन उतरवण्यासाठी रात्रीचे जेवण सोडलेले असते.

बायोटिनविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. त्याची खरी कमतरता दुर्मीळ आहे, तरीही केसांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोळीत ते गरजेच्या कित्येक पटींनी असते. केसांना त्याचा फारसा उपयोग होत नाही, पण प्रयोगशाळेतल्या अनेक तपासण्या त्यामुळे चुकतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. एका मुलीचा टीएसएच इतका कमी आला होता की तिला थायरॉइड वाढल्याची औषधे सुरू होण्याच्या बेतात होती. ती रोज बायोटिनच्या गोड वड्या खाते हे कळल्यावर त्या बंद करून पुन्हा तपासले, तेव्हा थायरॉइड अगदी व्यवस्थित निघाले. जीवनसत्त्व अ आणि सेलेनियम यांचे तर अतिरेकानेच केस गळतात. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या काही गावांत लोकांचे केस दोन-चार दिवसांत पुंजक्यांनी गेले, तेव्हा आधी पाणी आणि शाम्पू यांच्यावर संशय आला आणि पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आढळल्यावर चर्चा रेशनच्या गव्हापर्यंत पोहोचली. इतक्या झपाट्याने होणारी गळती तुमच्या प्रकारची नसते. तिच्यात वाढीच्या अवस्थेतला केसच मुळाशी विषबाधा होऊन तुटतो. कर्करोगावरच्या केमोथेरपीत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होते तशी.

तेव्हा तुम्हाला माझे सांगणे असे की तपासण्यांत काही निघाले तर ते भरून काढावे, नाहीतर थांबावे. गळती सहा महिन्यांहून लांबली किंवा भांग रुंदावत चालला, तर मात्र पुन्हा तपासावे लागेल, कारण तापाच्या गळतीने कधी कधी आनुवंशिक विरळपणावरचा पडदा बाजूला होतो.

आता भाऊ. कपाळाचे कोपरे मागे जाणे, मग टाळूवर चकाकी येणे आणि मागच्या बाजूला केसांची झालर शाबूत राहणे, हा पुरुषी टकलाचा नकाशा सर्वांच्या ओळखीचा आहे. इथे केस गळण्यापेक्षा बारीक होण्याचा भाग मोठा आहे. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारे डीएचटी हे संप्रेरक आनुवंशिकतेने संवेदनशील असलेल्या मुळांवर काम करते, दर फेरीत केसाची वाढीची मुदत घटते आणि जाड काळा केस हळूहळू लवेएवढा होतो. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने १९४२ मध्ये दाखवून दिले की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागते. वारसा आईकडूनच येतो, मामाला पाहावे, ही समजूत अर्धीच खरी आहे. एक महत्त्वाचे जनुक आईकडून मिळणाऱ्या गुणसूत्रावर असते, पण बाकीची अनेक दोन्ही बाजूंनी येतात. हेल्मेटने, टोपीने किंवा जास्त विचार केल्याने हे टक्कल पडत नाही.

उपचारांत भक्कम पुरावा दोन औषधांना आहे. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती; ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवू लागले, तेव्हा तिचे डोक्याला लावायचे द्रावण निघाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुरुषांना ५ टक्क्यांचे द्रावण १ मिलिलिटर, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूला लावावे लागते, केसांना नव्हे. ही चूक मी रोज पाहतो. पहिल्या दोन महिन्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, कारण नवे केस जुन्यांना ढकलतात, आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक तरुण औषध सोडून देतात. परिणाम ठरवायला किमान चार ते सहा महिने द्यावेत. औषध बंद केले की तीन-चार महिन्यांत मिळवलेले केस जातात, हे आधीच मान्य करून सुरुवात करावी. अलीकडे याच औषधाची अगदी अल्प मात्रेतली गोळीही आम्ही निवडक रुग्णांना देतो. चेहऱ्यावर लव वाढणे, घोट्याला सूज आणि धडधड यांवर लक्ष ठेवावे लागते, आणि हृदयविकार असेल तर ती टाळतो.

फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची रोजची गोळी, १९९७ पासून उपलब्ध असलेली, डीएचटी तयार होण्यालाच आळा घालते, त्यामुळे असलेले केस टिकवण्याच्या कामी ती मिनॉक्सिडिलपेक्षा सरस आहे असे माझे मत आहे. तिच्याविषयी भीतीही मोठी आहे, आणि ती उडवून लावणे योग्य नाही. मूळ चाचण्यांत कामेच्छा किंवा ताठरता कमी झाल्याची तक्रार शंभरातल्या सुमारे चौघांनी केली होती. तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्या शंभरातल्या दोघांनीही ती केली होती. बहुतेकांत औषध थांबवल्यावर ती जाते, पण काहींनी ती पुढेही राहिल्याचे सांगितले आहे, आणि आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये मान्य केले. म्हणून नैराश्याचा इतिहास असलेल्या तरुणाला मी ही गोळी सहजी देत नाही, आणि देतो त्याला आधी अर्धा तास बसवून हे सगळे सांगतो. घरात गरोदर स्त्री असेल, तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावू नये. पन्नाशीनंतर प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे, कारण तिच्यामुळे तो आकडा जवळपास निम्म्यावर येतो.

पीआरपीत रुग्णाचेच रक्त काढून, फिरवून, बिंबाणूंनी (प्लेटलेट्सनी) समृद्ध असा भाग टाळूत टोचतात. त्याने काही जणांना फायदा होतो, मीही ते करतो. पण त्याची कोणतीही ठरलेली रीत नाही, परिणाम माणसागणिक बदलतो आणि वरच्या औषधांना ते पूरक आहे, पर्याय नव्हे. निदानाचा कागद हातात नसताना, भिंगाने टाळू न पाहता, आठ बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्या ठिकाणी भावाने जाऊ नये. आधी तीन बैठका, महिन्याच्या अंतराने, आणि आधीचे व नंतरचे फोटो एकाच प्रकाशात काढलेले. त्यात फरक दिसला तर पुढचे बघावे.

केस रोपण आज नको. मागच्या झालरीतले केस डीएचटीला दाद देत नाहीत आणि पुढे लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत, या तत्त्वावर रोपण उभे आहे. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये ते मांडले. पण तो साठा मोजका असतो. पंचविशीत कपाळावर दाट रेघ बसवून घेतली आणि पस्तिशीत मागची टाळू उघडी पडली, तर पुढे एक बेट आणि मागे वाळवंट असे चित्र राहते व ते दुरुस्त करायला केस उरत नाहीत. दोन-तीन वर्षे औषधाने परिस्थिती स्थिर ठेवून मग विचार करावा. रोपण कोण करणार, हेही विचारावे. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्यासाठी पात्रतेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या असून हे काम तंत्रज्ञांवर सोपवण्याचे नाही.

स्त्रियांत हाच विकार वेगळ्या रूपात दिसतो: कपाळाची कड टिकते आणि भांग पिंपळपानासारखा पुढे रुंद होत जातो. त्यांना मिनॉक्सिडिल चालते, गरोदरपण आणि स्तनपान सोडून. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरुमे असतील, तर पीसीओएससाठी, म्हणजे बीजाशय आणि संप्रेरकांच्या विकारासाठी, तपासावे लागते आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या, पुरुषी संप्रेरकांना अडवणाऱ्या गोळीचा विचार होतो.

मुलाच्या चकतीविषयी तुम्ही लिहिलेले पुरेसे नाही, कारण या वयात गोल चकतीची दोन कारणे असतात आणि दोन्हींचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. चकती तुळतुळीत असेल, तिथली कातडी निरोगी असेल आणि कडेला वर जाड व मुळाशी निमुळते असे, उद्गारचिन्हासारखे आखूड केस दिसत असतील, तर ती चाई. तिथे खवले, काळे ठिपके, तुटलेल्या केसांचे खुंट, खाज किंवा मानेला गाठी असतील, तर तो डोक्यातला नायटा, म्हणजे बुरशी. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, त्यामुळे नुसत्या मलमाने ती जात नाही. ग्रिझिओफुल्विनसारखे पोटातून घ्यायचे औषध वजनाच्या हिशेबाने सहा ते आठ आठवडे द्यावे लागते, जोडीला औषधी शाम्पू, आणि घरातल्या इतर मुलांची डोकी व फण्या तपासाव्या लागतात. तिच्यावर औषधाच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले, तर खाज थांबते आणि बुरशी फोफावते. कधी तिथे पू भरल्यासारखा मऊ फुगवटा येतो आणि गळू समजून त्यावर चीर दिली जाते. ती देऊ नये.

चाई असेल, तर घाबरण्याचे कारण कमी. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांना परके समजते, मुळे मरत नाहीत, झोपतात. एक-दोन चकत्या असलेल्या पुष्कळ मुलांचे केस वर्षभरात आपणहून परत येतात, पहिल्यांदा कधी पांढरे आणि मग काळे. म्हणूनच चाईवर ज्याने जे लावले त्याचा गुण येतो. कांद्याच्या रसाबद्दल मी सासूबाईंची थट्टा करणार नाही. लासलगावच्या जिल्ह्यात ती करून चालणारही नाही. २००२ मध्ये इराकमधल्या दोघा संशोधकांनी चाईच्या रुग्णांवर कांद्याचा रस वापरून केस आल्याचे प्रसिद्ध केले होते. अभ्यास लहान होता, तो चाईपुरता होता, तापाच्या गळतीशी किंवा टकलाशी त्याचा संबंध नव्हता, आणि रसाचा परिणाम झाला असलाच तर तो कातडीला सौम्य डिवचल्यामुळे झाला असावा. आम्हीही हट्टी चाईत डीपीसीपी नावाचे रसायन लावून मुद्दाम सौम्य ॲलर्जी उठवतो. मुलाची कातडी लाल होत नसेल आणि तो शाळेत वासाला कंटाळला नसेल, तर रसाने मोठे नुकसान नाही. बिब्बा मात्र कदापि लावू नये. बिब्ब्याने फोड आलेली, भाजल्यासारखी सोललेली लहान डोकी मी पाहिली आहेत, आणि तिथे राहिलेल्या व्रणावर केस परत येत नाहीत.

लहान मुलात आम्ही स्टेरॉइडचे लोशन किंवा मिनॉक्सिडिल वापरतो. मोठ्यांत चकतीत ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची बारीक इंजेक्शने दर चार ते सहा आठवड्यांनी देतो. चाई कानामागून मानेच्या कडेने पट्ट्यासारखी पसरली, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले किंवा भुवया गेल्या, तर मार्ग अवघड समजावा. अशा गंभीर चाईसाठी जॅक इनहिबिटर गटातली औषधे आली आहेत: अमेरिकेत बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये मोठ्यांसाठी आणि रिटलेसिटिनिबला २०२३ मध्ये १२ वर्षांपुढच्यांसाठी मान्यता मिळाली. पूर्ण टक्कल पडलेल्यांचे केस त्यांनी येताना मी पाहिले आहेत. पण ती प्रतिकारशक्तीच दाबतात, आपल्याकडे सुप्त क्षयरोग शोधल्याशिवाय ती सुरू करता येत नाहीत, आणि थांबवल्यावर चाई परतू शकते.

सासूबाईंनी मुलाचे मुंडन करावे असेही सुचवले असेल, असा माझा अंदाज आहे. रामकुंडावर वस्तरा फिरवून आलेल्या डोक्यावरचे केस दाट वाटतात, कारण प्रत्येक केसाचे निमुळते टोक जाऊन बोथट टोक वर येते. वस्तरा कातडीच्या वर चालतो. मुळे आत असतात.

दोन प्रकार तुमच्या पत्रात नाहीत, पण शिक्षिका म्हणून वर्गात दिसतील. रोज घट्ट वेण्या बांधून रिबिनीने वर वळवलेल्या मुलींच्या कानशिलावरचे केस मागे सरतात. वेणी सैल केली तर ते वेळेत परत येतात, वर्षानुवर्षे ओढले तर नाही. आणि एखाद्या मुलाच्या डोक्यावर वेडीवाकडी विरळ जागा, तिच्यात लांबी-आखूडतेचा काही मेळ नसलेले केस दिसले, तर तो नकळत स्वतःचे केस उपटत असावा. त्याला रागावू नये; त्याच्या घरी काय चालले आहे, हे आधी कोणीतरी शांतपणे विचारावे.

आता आईविषयी. वयोमानाने केस विरळ होतात, पण त्यांना खाज येत नाही. भांगाजवळ खाज किंवा आग, मुळांभोवती लालसर कडा, बारीक चिकटलेले खवले, आणि मधल्या जागेत केसांची भोकेच दिसेनाशी होऊन कातडी गुळगुळीत, चकाकणारी होणे, ही व्रण पाडणाऱ्या टकलाची लक्षणे आहेत. लायकेन प्लॅनोपिलॅरिस आणि डिस्कॉइड ल्युपस ही त्यातली नेहमीची दोन नावे. तुमच्या घरातल्या बाकी तिन्ही प्रकारांत मूळ जिवंत असते. इथे दाहाने मूळ नष्ट होते आणि त्या जागी व्रण उरतो. गेलेले परत आणता येत नाही, उरलेले वाचवता येते. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी अशाच एका बाईंना मी कोंडा समजून पाच महिने शाम्पू देत राहिलो. खवले होते, खाज होती, कोंडा इतका नेहमीचा की दुसरा विचारच मनात आला नाही. त्या पुन्हा आल्या तेव्हा भांगाजवळची नखाएवढी जागा तळव्याएवढी झाली होती, आणि ती आजही तशीच आहे. त्यानंतर खाज असलेली विरळ जागा मी भिंगाने पाहिल्याशिवाय सोडत नाही.

खात्री करण्यासाठी जागा बधिर करून कातडीचा ४ मिलिमीटरचा तुकडा काढतात, एक-दोन टाके पडतात, आणि अहवाल आठवडाभरात येतो. तुकडा गुळगुळीत मध्यातून न घेता लालसर कडेवरून घ्यावा लागतो. निदान पक्के झाले, तर लावायची व टोचायची स्टेरॉइड्स, डॉक्सिसायक्लिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांपैकी जे योग्य ते सुरू करतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डोळ्यांची तपासणी ठरावीक अंतराने करावी लागते. ल्युपस निघाल्यास रक्त आणि लघवीही तपासतो, आणि उन्हात पदर डोक्यावर घ्यायला सांगतो.

तुम्हाला स्वतःला चार-सहा आठवडे थांबता येईल, भाऊ महिनाभराने आला तरी चालेल, मुलाला पुढच्या आठवड्यात आणा. आईला मात्र याच आठवड्यात जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, काळी मेंदी किंवा कलप लावू नका, नाहीतर भिंगाखाली मुळांभोवतीची लाली दिसत नाही. चार-पाच वर्षांपूर्वीचा त्यांचा एखादा फोटो, समोरून काढलेला, ज्यात कपाळ आणि भुवया स्पष्ट दिसतात असा, बरोबर ठेवा. नात्यातल्या एखाद्या लग्नाच्या अल्बममधला चालेल.